उसाच्या फडापर्यंत न पोचणारी सवलत

दिव्यांगांसाठीची आयकर सवलत नेमकी कोणाच्या हाती पडते, हे बारामती-इंदापूरच्या शिवारात तपासायला हवे. १९६१च्या आयकर कायद्याच्या ८०-यू कलमाने दिव्यांग करदात्याला आणि ८०-डीडी कलमाने दिव्यांगाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला ७५ हजारांची वजावट दिली. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर सव्वा लाखाची. पण वजावटीचे मोल उत्पन्नाच्या टप्प्यावर ठरते. सव्वा लाखावर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे उपकर सोडून साडेसदतीस हजार वाचतात, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे २५ हजार. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस घालणाऱ्याचे काहीच वाचत नाही, कारण शेतीचे उत्पन्न मुळातच करमुक्त. व्हीलचेअर मात्र तिघांनाही त्याच भावाने घ्यावी लागते.

यावर उत्तर ठरलेले असते: कर नाही त्याला सवलत कसली, गरिबासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहेच. २०२५मध्ये दिव्यांगांचे हे अनुदान दरमहा दीड हजारावरून अडीच हजार झाले, आणि ते योग्यच झाले. पण दिव्यांगांसाठीही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. बारामती एमआयडीसीत महिना बारा हजारांवर राबणारा बाप या मर्यादेबाहेर जातो, आणि आयकराच्या तर आसपासही येत नाही. त्याच्या बौद्धिक दिव्यांग मुलीपायी आई मजुरीला जाऊ शकत नाही. तो बुडालेला रोज कोणत्याच खात्याच्या हिशेबात नाही. राज्याच्या व्यवसाय करातून अशा पालकांना सूट आहे, पण तो करच वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार.

२०२३-२४पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत तर या दोन्ही वजावटी नाहीत. करप्रणाली सुटसुटीत हवी, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र त्याच प्रणालीत दिव्यांग नोकरदाराचा प्रवासभत्ता ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त ठेवला आहे. म्हणजे कामावर जाण्याचा खर्च सरकारला दिसतो, घरी सांभाळण्याचा दिसत नाही. म्हणून वजावटीऐवजी ठरावीक रक्कम उत्पन्नाची अट न घालता दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राशी जोडलेल्या खात्यात जमा करावी. बोगस प्रमाणपत्रांची भीती खरी आहे, पण आयकराची वजावटही वैद्यकीय प्रमाणपत्रावरच मिळत आली, आणि सांभाळाच्या प्रत्यक्ष खर्चाचा आकडा ८०-डीडीने पगारदाराला कधी विचारला नाही. ऊस उत्पादकावर आणि कामगारावरही तेवढाच विश्वास ठेवावा.