ताणा, बाणा आणि एक शिक्का

"मावशी, सोमवारी कामावर जाऊ की नको?"

जून २०२५ चा शेवटचा आठवडा. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले होते, म्हणजे तिच्याकडे साडेदहा. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. एवढ्या मोठ्या देशात सगळीकडे एकच वेळ, हेही मला तिच्यामुळेच कळलं.

ही माझी भाची, इचलकरंजीच्या माझ्या ताईची मुलगी. वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेऊन ती २०२४ मध्ये चीनमधल्या हांगझोउला पुढच्या शिक्षणासाठी गेली. उन्हाळ्याच्या सुटीत शेजारच्या शाओशिंग शहरातल्या कछ्याओ भागात एका कापड कंपनीत तिला आठ आठवड्यांची शिकाऊ उमेदवारी मिळाली होती. हल्ली हिला इंटर्नशिप म्हणतात. कछ्याओ म्हणजे कापडाची पंढरी. तिथला घाऊक बाजार आशियातल्या सगळ्यात मोठ्या कापडबाजारांत मोडतो. आपले भारतीय व्यापारीही तिथे कितीतरी वर्षांपासून ठाण मांडून आहेत. माग असणाऱ्या घरातल्या मुलीला याहून चांगली जागा कोणती मिळणार?

पण घोडं एका कागदावर अडलं होतं.

'काही होत नाही' म्हणणारी मावशी

चीनमध्ये शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणाचा निवास परवाना मिळतो. त्या परवान्यावर बाहेर काम करता येत नाही, अगदी बिनपगारी शिकाऊ म्हणूनसुद्धा. आधी विद्यापीठाची संमती घ्यायची. मग पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात अर्ज करून कुठे काम करणार आणि किती दिवस, याची नोंद परवान्यावर करून घ्यायची. हा नियम २०१३ पासून लागू आहे. कंपनीचे व्यवस्थापक मात्र म्हणत होते, "सोमवारपासून ये. कागद होतील मागाहून."

आता मी काय सांगावं? खरं सांगते, वाचकहो, मी म्हणाले, "जा की! एवढी संधी आली आहे. काही होत नाही. आपल्याकडेही आधी काम सुरू होतं, मग ऑर्डर हातात येते." दाजींचंही मत तेच पडलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?

पोरगी गप्प राहिली. मग म्हणाली, "मी उद्या विद्यापीठात विचारते."

विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातल्या बाईंनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. परवानगीशिवाय काम केलेलं पकडलं गेलं तर पाच हजार ते वीस हजार युआन दंड. प्रकरण गंभीर असेल तर पाच ते पंधरा दिवस कोठडी. वर परवाना रद्द होण्याची टांगती तलवार. दंड कंपनीलाही होतो, पण पासपोर्ट जातो तो विद्यार्थ्याचा! जिच्या शिक्षणासाठी दाजींनी दोन माग गहाण टाकले, तिला माझ्या 'काही होत नाही'ची केवढी किंमत मोजावी लागली असती! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने व्यवस्थापकांना जमेल तशा चिनीत सांगितलं, "मला काम करायचं आहे, पण शिक्का मिळाल्यावरच." ते "समजलं" एवढंच बोलले. पुढचे दोन दिवस काहीच निरोप नाही. परक्या देशात, भर पावसात, वसतिगृहाच्या खोलीत एकटी बसून तिने ते दोन दिवस कसे काढले असतील!

तिसऱ्या दिवशी निरोप आला. जागा ठेवतो, पण डिझाइन विभागातली नाही. ती दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली. तुला कापड तपासणी विभागात यावं लागेल.

फोनवर ती रडली. "मावशी, मी खरं वागले आणि माझीच जागा गेली." माझ्याकडे उत्तर नव्हतं. चुकीचा सल्ला मी दिला होता आणि बरोबर वागण्याचा भुर्दंड ती भरत होती. तिने अर्ज केला, पासपोर्ट तिकडे जमा झाला, हातात फक्त पोचपावती राहिली. कायद्याने अशा अर्जाचा निकाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. तसा तो लागला, पण आठ आठवड्यांचे सहाच उरले.

मुक्काम पोस्ट कछ्याओ

खोली भाड्याने घ्यायची तर तिथे बहुतेक घरमालक एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम मागतात. दीड महिन्यासाठी हा सौदा कसा परवडावा? म्हणून तिने कंपनीच्या वसतिगृहातली खाट पत्करली. पोहोचल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलीस चौकीत राहण्याची नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले ती करतात, इतरत्र आपण करायची. हांगझोउमधली जुनी नोंद इथे चालत नाही. शिक्क्याने पोळलेली आमची पोरगी पिशव्या खोलीत टाकून आधी चौकीतच गेली.

पाऊस तर तिथेही होता. यांगत्झी नदीच्या खालच्या खोऱ्यात जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत जी झड लागते तिला 'आलुबुखाऱ्याचा पाऊस' म्हणतात, कारण त्या जातीची फळं तेव्हा पिकतात. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते. ती म्हणाली, "अगदी आपल्या आषाढासारखं वाटलं, फक्त कांदाभजी नाहीत." ती झड संपली की मात्र ऊन असं तापतं की पारा चाळिशीला टेकतो.

जेवणाचा प्रश्न ताईला सगळ्यात मोठा वाटत होता. आमच्याकडे अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून तिथे भागत नाही. भाजी हिरवी दिसते, पण फोडणी डुकराच्या चरबीची असू शकते. म्हणून तिने एका कागदावर चिनीत लिहून घेतलं : मांस नको, मासे नकोत, चरबी नको, मांसाचं पाणी नको. तो कागद कँटीनच्या बाईंना दाखवला की भात, पालेभाजी, टोफू आणि टोमॅटो घालून परतलेलं अंडं ताटात पडे. शाओशिंगचा प्रसिद्ध वासाचा टोफू तिने लांबूनच नमस्कार करून सोडला! रविवारी कधी कछ्याओतल्या एखाद्या भारतीय हॉटेलात वरणभाताची सोय होई. आणि ताईने दिलेली कांदा-लसूण चटणी होतीच. खोलीतल्या मुलींनी ती नूडल्सवर घालून दहा दिवसांत संपवली.

फोनचीही एक गंमत आहे. आपलं व्हॉट्सॲप तिथे चालत नाही आणि तिथलं वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद आहे. मग मायलेकींनी बोलायचं कसं? भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सॲप चालतं, पण ते महाग पडतं. म्हणून रविवार-बुधवार असे वार ठरले आणि बाकी दिवस ई-मेल. दाजी आयुष्यात पहिल्यांदा लेकीला पत्र लिहू लागले, हा त्यातला फायदा!

शिफू म्हणजे कोण?

कामाच्या पहिल्या दिवशी तिला धक्का बसला तो दुपारी. जेवण झालं, दिवे मालवले गेले आणि सगळं कार्यालय झोपी गेलं! कुणी टेबलावर डोकं टेकलं, कुणी घडीची खाट उघडली. दुपारची डुलकी तिथे आळसात जमा होत नाही. पहिले दोन दिवस ही एकटी ताठ बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तीही झोपली.

माणसांना हाक कशी मारायची, हे शिकणं महत्त्वाचं. साहेबांना आडनाव आणि हुद्दा जोडून बोलवायचं. वयाने थोड्या मोठ्या बाईला आडनावापुढे 'जिए' लावायचं, म्हणजे आपली ताईच. आणि हाताने काम करणाऱ्या जाणत्या कारागिराला म्हणायचं 'शिफू', म्हणजे उस्ताद. भेटल्यावर लोक "जेवलीस का?" असं विचारतात. हा प्रश्न आपल्याला नवा थोडाच आहे?

भाषेत मराठी माणसाला एक वरदान आहे, असं ती म्हणते. इंग्रजी बोलणाऱ्याला प आणि फ, त आणि थ यांतला जो फरक घोटून शिकावा लागतो, तो आपल्याला बालवाडीपासून येतो. चमच्यातला च सुद्धा चिनीत आहे. खरी परीक्षा असते ती सुरांची. 'मै' हा शब्द खाली जाऊन वर आणला तर 'विकत घेणे', वरून खाली आपटला तर 'विकणे'. कापडबाजारात याची गल्लत झाली तर काय होईल, विचार करा!

तपासणी विभागात तिला ज्या शिफूंच्या हाताखाली दिलं त्या पन्नाशी उलटलेल्या बाई होत्या. खालून उजेड टाकलेल्या काचेवरून कापड सरकत जातं आणि दोष दिसला की गुण मांडायचे. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. हा हिशेब जगभर चालतो. पण शिफू नुसता दोष मोजत नसत. त्या ओळखत की हा धागा मागावर तुटला, हा सायझिंगमध्ये बिघडला आणि हा डाग माणसाच्या हाताचा आहे. आठवडाभर तर त्या एक शब्दही न बोलता फक्त बोट दाखवत होत्या.

एकदा त्यांनी विचारलं, "तू भारतात कुठली?" हिने नकाशा काढला आणि इचलकरंजी दाखवली. मग सुचलं म्हणून सोलापूरवर बोट ठेवून म्हणाली, "डॉक्टर कोटणीस इथले." शिफूंचा चेहरा उजळला. "के दिहुआ!" डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये या नावाने ओळखले जातात. ते १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्या दिवसापासून शिफू बोलू लागल्या.

त्यांनीच तिला सांगितलं की उभ्या धाग्याला 'जिंग' म्हणतात आणि आडव्याला 'वेइ'. आपला ताणा आणि बाणा. याच दोन शब्दांनी चिनी लोक पृथ्वीवरच्या रेखांश-अक्षांशांनाही ओळखतात. आणि बौद्ध सूत्रांना चिनीत शब्द कोणता? तोच, 'जिंग'! संस्कृतात सूत्र म्हणजे धागा, चिनीत जिंग म्हणजे ताणा. हे सांगताना फोनवर तिचा आवाज नाचत होता. डिझाइन विभागाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. राग गेला होता असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यावर दुसरं काहीतरी विणलं गेलं होतं.

दाजींचं टेबल

दाजींचा चीनला पहिल्यापासून विरोध. "त्यांच्या कापडाने आमचा बाजार खाल्ला आणि पोरगी तिकडेच शिकायला?" लेक जाताना ते स्टेशनवर फारसे बोललेही नव्हते. पण ऑगस्टमधल्या त्यांच्या ई-मेलमध्ये प्रश्नच प्रश्न होते. तिथले एअरजेट माग मिनिटाला किती फटके मारतात? सहाशे-सातशेच्याही वर? आपला साधा माग दीडशेच्या आसपास! एका माणसाकडे किती माग असतात? तपासणीच्या काचेखाली दिवे कसे बसवतात? तिने सगळ्याची उत्तरं लिहिली, टेबलाचं मापासकट चित्रही काढून पाठवलं.

शेवटच्या दिवशी कंपनीने प्रमाणपत्र दिलं. तिथे सहीपेक्षा गोल लाल शिक्क्याला मान जास्त. तारखा खऱ्या, शिक्का खरा, परवान्यावरची नोंदही त्याच तारखांची. आठ नाही, सहाच आठवडे. पण कुठेही दाखवावेत असे.

तुमच्या घरातलं कुणी अशा उमेदवारीला परदेशी जात असेल, तर मावशीच्या अधिकाराने एवढंच सांगते. परवान्याची चौकशी सुटी लागायच्या दोन महिने आधी करा. कंपनीच्या तोंडी आश्वासनापेक्षा विद्यापीठाच्या कार्यालयाचा शब्द धरा. राहण्याची जागा बदलली की नोंद बदला. आणि घरच्यांनो, दूरच्या देशातला कायदा ठाऊक नसताना "काही होत नाही" असं म्हणू नका. फोनवर सल्ला देणं सोपं असतं, पासपोर्ट मुलांच्या हातात असतो.

दिवाळीत मी इचलकरंजीला गेले. कारखान्यात दाराजवळ एक नवं टेबल दिसलं. वर जाड काच, खाली चार ट्यूबलाइट. सुताराने केलेलं, जरा ओबडधोबड. दाजी कापडाचा ताका त्यावरून हळूहळू ओढत होते. मला पाहून म्हणाले, "बस जरा. एवढा ताका तपासतो, मग चहा घेऊ."