स्पर्सला कुणी ‘कोट्यातला संघ’ म्हणत नाही!

आरक्षणाचा विषय निघाला की मेरिटवाल्यांचे एक ठरलेले वाक्य असते : “खेळात आरक्षण आहे का? मग शिक्षणात, नोकरीत कशाला?” हे ऐकून आपली बरीच तरुण पोरे गप्प होतात. गप्प बसायचे काहीच कारण नाही. चला, आज खेळाचेच बोलू.

अमेरिकेतील एनबीए ही जगातली सर्वांत चुरशीची बास्केटबॉल लीग. २०२५ च्या ऑक्टोबरात तिचा २०२५-२६ चा हंगाम सुरू झाला. त्याआधी सॅन अँटोनिओ स्पर्स हा संघ २०१९ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये गेला नव्हता. त्या हंगामात तो जाईल, असे आम्हाला वाटत होते. सव्वासात फुटांहून उंच व्हिक्टर वेम्बान्यामा खांद्यातील रक्ताच्या गुठळीमुळे त्याआधीच्या हंगामात ४६ सामनेच खेळू शकला. नव्या हंगामासाठी तो बरा होऊन परतला होता. जोडीला डीअॅरन फॉक्स, स्टीफन कॅसल आणि नवा डिलन हार्पर. धोका होता तो वेम्बान्यामाच्या तब्येतीचा. शिवाय ग्रेग पॉपोविच पायउतार झाल्यावर मिच जॉन्सन प्रथमच मुख्य प्रशिक्षक म्हणून हंगाम सुरू करत होता.

पण खरा प्रश्न पुढे आहे. २०२२-२३ मध्ये ८२ पैकी फक्त २२ सामने जिंकलेल्या संघाकडे असे खेळाडू आले कुठून?

उत्तर आहे ‘ड्राफ्ट’. २०१९ च्या नियमांनुसार नवे खेळाडू निवडताना प्लेऑफला मुकलेल्या १४ संघांची सोडत निघते. तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी. वरच्यांना कमी कमी होत जाते. अव्वल संघ रांगेत शेवटी. वेम्बान्यामा, कॅसल, हार्पर तिघेही याच वाटेने आले. १९९७ साली २० विजयांवर अडकलेल्या याच स्पर्सला टिम डंकन असाच मिळाला, आणि पुढे १९९९ ते २०१४ या काळात त्यांनी पाच विजेतेपदे जिंकली. त्या चषकांना कुणी ‘कोट्यातले’ म्हटले?

म्हणजे जिथे मेरिटचा सर्वांत मोठा गजर, तिथेच मागे पडलेल्याला आधी संधी देण्याचा नियम आहे! आणि मैदानात उतरल्यावर वेम्बान्यामासाठी कुणी बास्केट खाली आणत नाही. आपलेही तेच आहे. आरक्षण प्रवेशाच्या दारापाशी असते. एमबीबीएसची अंतिम परीक्षा सर्वांना एकच असते. ती पास झालेल्या आपल्या डॉक्टरला मात्र जन्मभर ‘कोट्यातला’ म्हणून हिणवले जाते.

“पण गैरफायदा घेतात ना!” हा दुसरा आक्षेप. ड्राफ्टचाही घेतात. चांगली निवड मिळावी म्हणून संघ मुद्दाम हरतात, हे तिथे उघड गुपित आहे. मग लीगने काय केले? ड्राफ्ट मोडीत काढला नाही. २०१९ मध्ये तळाच्या संघाची संधी २५ वरून १४ टक्क्यांवर आणली. नियम दुरुस्त केला, तत्त्व राखले. आपल्याकडे मात्र एक खोटा जातीचा दाखला सापडला की अख्खे आरक्षण रद्द करा, अशी ओरड!

आम्ही ही तुलना फार ताणणार नाही. ड्राफ्ट हा श्रीमंत मालकांचा हिशेब आहे; एकतर्फी सामन्यांची तिकिटे खपत नाहीत. आरक्षण हा धंदा नाही आणि दयाही नाही. संविधानाचे कलम १६(४) पुरेशा प्रतिनिधित्वाबद्दल बोलते. स्पर्सचे वाईट दिवस सहा वर्षांचे. आपल्या पूर्वजांना तर शतकानुशतके मैदानातच येऊ दिले नव्हते.

आणि हेच मेरिटवाले २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने १० टक्के आर्थिक आरक्षण आले तेव्हा कुठे होते? तेव्हा मेरिट का बुडाले नाही?

मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी खेळाचा दाखला दिला, तर खाली मान घालू नका. स्पर्सची गोष्ट सांगा आणि विचारा, संघाला जे न्याय्य वाटते, ते माणसाला का नाही?

जय भीम!