जुन्या रेग्युलेटरने श्वास घ्यावा का?

घरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर सगळ्यांच्या परिचयाचा असतो. सिलिंडरमधला दाब शेगडीला झेपेल इतका कमी करणे, हे त्याचे काम. पाणबुड्याच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीला लागणारा रेग्युलेटर याच कुळातला. फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला शेगडीऐवजी माणसाची फुप्फुसे असतात. १९५० ते १९७० च्या दशकांत बनलेली अशी यंत्रे अमेरिकेत आणि युरोपात आजही माळ्यावर आणि जुन्या बाजारात सापडतात. ती ओळखणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा पाण्यात नेणे हा तिथे अनेकांचा छंद आहे. छंद देखणा आहे, यात वाद नाही. पण यंत्राच्या दुरुस्तीतली प्रत्येक कसर शेवटी छातीवर येते, म्हणून त्याकडे वैद्यकाच्या बाजूनेही पाहायला हवे.

सर्वांत जुनी यंत्रे लांबूनच ओळखू येतात. मानेमागे पितळेचा गोल डबा आणि त्यातून दोन्ही खांद्यांवरून तोंडाकडे येणाऱ्या सुरकुत्यांच्या दोन जाड रबरी नळ्या. एक श्वास आणते, दुसरी उच्छ्वास मागे नेते. उच्छ्वास तोंडापाशीच सोडून दिला असता तर चालले नसते का? हाच प्रश्न १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि इंजिनीअर एमिल गान्यां यांच्यापुढे आला. त्यांच्या पहिल्या नमुन्यात पाणबुड्या उभा राहिला की हवा आपोआप वाहून जाऊ लागली, कारण उच्छ्वासाची झडप पडद्यापेक्षा वर, म्हणजे कमी दाबात येत होती. झडप पडद्याच्या शेजारी नेल्यावर यंत्र वठणीवर आले. पुढे ला स्पिरोटेक्निकचा 'मिस्त्राल', यू. एस. डायव्हर्सचा 'डीए अ‍ॅक्वा-मास्टर' ही याच घराण्यातली नावे. दरम्यान मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला 'पोरपॉइज' आणला. त्यात दाब उतरवण्याची दुसरी पायरी आणि उच्छ्वासाची झडप दोन्ही तोंडापाशीच ठेवल्याने एका बारीक नळीवर भागले. आजचे सगळे रेग्युलेटर याच वळणाचे आहेत.

डब्यावरची पाटी आणि क्रमांक वाचून यंत्राचे वय साधारण कळते. त्याची तब्येत मात्र हवा आत शिरते त्या तोंडावरच्या गाळणीत दिसते. वैद्याने आधी जीभ पाहावी तसे. गाळणी हिरवी पडली असेल तर आत पाणी, बहुधा खारे, शिरून पितळ खाल्ले गेले आहे. तांबूस असेल तर पोलादी टाकीतला गंज आला आहे. बाहेरचा मुलामा आरशासारखा लखलखीत असून आतली बैठक खड्डे पडलेली, असे हमखास आढळते. पॉलिश पाहून पैसे मोजणाऱ्यांना हे उशिरा कळते.

मग टेबलावर चाचणी होते. टाकी जोडली, तोंडाला लावले, हवा आली, यंत्र चालू! वैद्यकीय आक्षेप आहे तो या चाचणीवर. ३० मीटर खोलीवर एकूण दाब जमिनीवरच्या चौपट असतो आणि हवेची घनताही चौपट. तिथे निरोगी माणसाची जास्तीत जास्त श्वास ओढण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. त्यात दोन नळ्यांच्या यंत्राचा पडदा पाठीवर असतो. पाणबुड्या पालथा पोहत असताना तो फुप्फुसांपेक्षा वीतभर वर, म्हणून प्रत्येक श्वास थोडा ओढूनच घ्यावा लागतो. शिवाय सुरुवातीच्या काही यंत्रांत तोंडाच्या तुकड्यात एकतर्फी झडपा नव्हत्या. आपल्या श्वासनलिकांत सुमारे १५० मिलिलिटर हवा वापरात न येता नुसतीच ये-जा करते. झडप नसली की नळीतली वापरलेली हवाही तिच्यात मिळते. कार्बन डायऑक्साइड साठतो, डोके ठणकते, दम लागतो, भीती वाटते. घाबरलेला माणूस श्वास रोखून वर झेपावतो, आणि खरा घात तिथे होतो. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना छातीतली हवा दुप्पट फुगते. उथळ पाण्यात मीटर-दीड मीटर वर येतानाही रोखलेल्या श्वासाने फुप्फुस फाटू शकते आणि हवेचा बुडबुडा रक्तावाटे मेंदूत जाऊ शकतो. टेबलावर यातले काहीच दिसत नाही.

दुसरी उणीव हवा किती उरली हे कळण्याची. अ‍ॅक्वा-मास्टरला दाबमापक जोडायला जागाच नव्हती. त्या काळी टाकीवरची राखीव झडप भरवशाची मानत: श्वास जड झाला की दांडा ओढायचा आणि उरलेल्या हवेवर वर यायचे. दांडा आधीच कशाला अडकून ओढला गेला असेल तर राखीव काही नाही, आणि तसे झाल्याची वर्दीही नाही. त्या वेळच्या नेहमीच्या पोलादी टाक्या चौरस इंचाला २,२५० पौंड दाबाच्या होत्या. आज ३,००० पौंड सर्रास असतात. जुना कमानीसारखा शिकंजा कित्येकदा नव्या झडपेवर बसतही नाही. तो ठोकून बसवणारेही असतात!

म्हणजे सगळे भंगारात द्यायचे का? मुळीच नाही. 'मिस्त्राल'मध्ये हलणारे भाग इतके थोडे आहेत की जाणत्या हातात तो आजही उत्तम चालतो. स्क्युबाप्रोच्या 'मार्क ५'सारख्या १९७० च्या सुमाराच्या एकनळी यंत्रांचे सुटे भाग अजून मिळतात. दोन नळ्यांच्या यंत्रांसाठी सिलिकॉनचे पडदे, झडपा आणि नव्या नळ्या निघाल्या आहेत. दाबमापक आणि संकटकाळचा दुसरा तोंडतुकडा जोडण्याची सोयही करता येते. एवढे बदलून प्रशिक्षित कारागिराने दाब मोजून दिले असेल, सोबत जोडीदार असेल, तर उथळ, स्वच्छ पाण्यात हा छंद समजण्याजोगा आहे. जुने रबर तेवढे कधीच ठेवू नये, कितीही मऊ लागले तरी. जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेला तर हे यंत्र लावूच नये. आत राहिलेल्या जुन्या तेलकट वंगणाने पेट घेण्याचा धोका असतो. दमा, झटके किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी, यंत्र नवे असले तरीही. आणि ज्याचे सुटे भाग जगात कुठेच मिळत नाहीत, ते पुसूनपासून काचेच्या कपाटात ठेवावे. तिथे ते खरोखरच शोभते.