एल्क नको, व्हाइटटेलच



ऑफिसातला एक सहकारी गेली तीन वर्षं मला एकच प्रश्न विचारतोय: कोलोरॅडोला एल्कच्या शिकारीला कधी येतेस? यंदा त्यांच्या गटात चौथी जागा रिकामी आहे. तंबू, गाडी, नकाशे सगळं त्याचं. मी फक्त परवाना काढायचा, रजा टाकायची आणि यायचं. अडचण अशी की माझी रजा एका आठवड्याचीच उरली आहे. ती ऑक्टोबरअखेर कोलोरॅडोत संपवली तर थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा हरणांचा हंगाम गेला. म्हणजे एल्क किंवा व्हाइटटेल, दोहोंपैकी एक.

मी त्याला नाही म्हणून कळवलंय. का, ते इथे लिहिते आहे, कारण आपल्यापैकी निम्म्यांना मी बंदूक घेऊन रानात जाते हेच पटत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं की जायचंच तर एल्कसारख्या भारी जनावरामागे जावं, हे घरामागचं हरीण काय मारायचं?

आधी ओळख करून देते. (ब्रिटनमधल्या वाचकांसाठी: युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो इथला मूस. इथला एल्क वेगळा.) एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलचा नातेवाईक. वयात आलेला नर तीनशे किलोंच्या वर भरतो, शिंगं माणसाच्या खांद्याच्या वर जातात. आपल्यातले बरेच जण सप्टेंबरात रॉकी माउंटन पार्क बघायला म्हणून एस्टेस पार्कला जाऊन आलेत, त्यांनी त्याची ती लांबलचक शिट्टीसारखी आरोळी ऐकली असेल. मी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. व्हाइटटेल मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. मक्याच्या शेतात, मुलांच्या शाळेमागे, आणि रात्री हायवेवर गाडीच्या दिव्यात अचानक उभं राहणारं. डिस्नेच्या बांबीतलं पिल्लूही व्हाइटटेलच. मूळ जर्मन पुस्तकात ते युरोपातलं रो जातीचं हरीण होतं, १९४२ च्या सिनेमात ते अमेरिकन झालं. हे सांगायचं कारण असं की मंडळाच्या गणपतीत एक ताई मला म्हणाल्या होत्या, "अगं, तू बांबीला मारतेस?" त्यांच्या ताटात तेव्हा चिकन होतं की नव्हतं हा मुद्दा मी काढत नाही. गणपतीत नव्हतंच.

एल्कच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे जमीन. पश्चिमेकडे एल्कची शिकार मुख्यतः सरकारी रानात होते, नॅशनल फॉरेस्टमध्ये किंवा केंद्र सरकारच्या माळरानांवर. ती जमीन कोणा पाटलाची नाही. परवाना खिशात असला की माझा तिथला हक्क आणि एखाद्या अब्जाधीशाचा हक्क सारखाच. २०२५ च्या जूनमध्ये यूटाचे सिनेटर माईक ली यांनी केंद्राच्या मालकीची लाखो एकर जमीन विकायचा प्रस्ताव बजेटच्या विधेयकात घातला, तेव्हा त्याविरुद्ध ओरडणाऱ्यांत पर्यावरणवाल्यांच्या बरोबरीने एल्कचे शिकारी होते. त्यांतले कितीतरी रिपब्लिकन. प्रस्ताव त्यांना मागे घ्यावा लागला. पुरोगाम्यांनी शिकाऱ्यांकडे नाक मुरडायच्या आधी एवढं लक्षात ठेवावं.

व्हाइटटेलचं तसं नाही. दक्षिण विस्कॉन्सिनात जमीन बहुतेक खासगी. हरीण कायद्याने सगळ्यांचं, पण ते उभं आहे ते रान कोणाचं तरी. म्हणजे दार वाजवून परवानगी मागणं आलं. पहिल्या वर्षी मी सात दारं वाजवली. सावळी बाई, पंचेचाळिशी उलटलेली, उच्चार असे, आणि विचारतेय काय तर तुमच्या शेतात बंदूक घेऊन बसू का. पाच जण हसून नाही म्हणाले, एकाने दारच उघडलं नाही. सातवा म्हातारा दूधवाला शेतकरी. त्याने मला अर्धा तास हरणांविषयी विचारलं, मग गोठ्याविषयी, मग माझ्या वडिलांची शेती होती का ते. शेवटी म्हणाला, "माद्या मारणार असशील तर ये. नर मारायला शंभर जण येतात."

भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही. २००४ च्या नोव्हेंबरात याच राज्याच्या उत्तरेकडे एक हमोंग शिकारी दुसऱ्याच्या खासगी जमिनीवरच्या मचाणावर बसलेला सापडला, वाद झाला आणि त्याच्या गोळ्यांनी सहा माणसं मेली. आपल्याला वंशावरून शिवीगाळ झाली असं त्याने कोर्टात सांगितलं. जन्मठेप झाली. पुढे २००७ च्या जानेवारीत खारींच्या शिकारीला गेलेल्या एका हमोंग माणसाला एका गोऱ्या शिकाऱ्याने मारलं. इथल्या रानात परक्या चेहऱ्याच्या माणसाने कुठे बसायचं हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. कोलोरॅडोच्या सरकारी डोंगरात तो निदान कागदावर तरी उरत नाही, आणि म्हणून यंदा माझं मन खरोखर त्या चौथ्या जागेकडे ओढलं जात होतं.

पैशाचं थोडक्यात. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला कोलोरॅडोचा एल्कचा परवाना आठशे डॉलरच्या घरात जातो. विस्कॉन्सिनच्या रहिवाशाला बंदुकीच्या हंगामाचा हरणाचा परवाना चोवीस डॉलरला मिळतो. शिवाय कोलोरॅडोत एल्क मिळण्याची शक्यता साधारण पाचात एक, तीही नऊ-दहा हजार फुटांवर दम लागत चालून. मिळालाच तर तो जागीच तोडून, पाठीवर बांधून, तीन-चार खेपांत खाली आणायचा. माझे गुडघे त्यावर वेगळं मत देतात. पण खरं सांगायचं तर पैसा आणि गुडघे हे कारण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं.

कारण गेल्या वर्षीचं आहे.

गेल्या नोव्हेंबरात रविवारी सकाळी सव्वासातला ओढ्याच्या कडेने एक नर आला. माझ्याकडे त्याचा टॅग होता. दिसायला धडधाकट, मान जाड, चकचकीत अंग. ऐंशी पावलांवरून एक गोळी, तिथेच पडला. नवरा कौतुकाने फोटो काढायला आला. हरणाचं मुंडकं पाच इंच मानेसकट कापून सरकारी खोक्यात ठेवायचं असतं, तपासणीसाठी. फुकट असते. ठेवलं. मांस फ्रीझरमध्ये, खिम्याचे पुडे, पुठ्ठ्याचं मांस, सगळ्यावर तारीख. दोन आठवड्यांनी निकाल आला: पॉझिटिव्ह.

हा रोग म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ साली कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पाळलेल्या म्यूल हरणांत तो पहिल्यांदा लक्षात आला. विस्कॉन्सिनात २००२ साली सापडला, माउंट होरेबच्या परिसरात, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. बिघडलेल्या प्रथिनाचा रोग, मॅड काऊच्या जातीचा. मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. शिजवून जात नाही, मातीत वर्षानुवर्षं राहतो, आणि जनावर शेवटचे काही महिने सोडले तर निरोगीच दिसतं. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण पॉझिटिव्ह जनावर खाऊ नका असं सीडीसी सांगते. आमच्याकडच्या काही भागांत प्रौढ नरांपैकी तीनात एकाला तरी तो असतो.

वीस-बावीस किलो मांस कचऱ्याच्या दुहेरी पिशवीत भरलं. कचराडेपोत टाकायचं, कुठेतरी रानात नाही, हा नियम. ते करताना मला रडू आलं. खायला मारलेलं जनावर फेकून द्यायचं म्हणजे ती शिकार उरत नाही, नुसतं मारणं उरतं. नवरा म्हणाला, "बास आता हे." सहकारी म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, एल्कला ये. तिथे हे प्रमाण कमी आहे."

त्याचं खरं आहे. कोलोरॅडोच्या एल्कमध्ये हा रोग आहे, पण हरणांपेक्षा बराच कमी. आणि इथेच माझं बिनसलं. स्वतःचं रान आजारी पडलं म्हणून दुसऱ्याच्या निरोगी रानात पाहुणी म्हणून जायचं? आपण देश सोडून आलेली माणसं. तिथलं बिघडलं की इथे यायचं, इथलं बिघडलं की अजून पुढे, याची आपल्याला सवय आहे. मी एकदा केलंय ते, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण हरणांच्या बाबतीत मला ते करायचं नाही.

विस्कॉन्सिनात पंधरा लाखांहून जास्त हरणं आहेत. लांडगे मुख्यतः उत्तरेत आणि मध्य भागातल्या रानांत. दक्षिणेत हरणाला आवरणारा मोटारीचा बंपर किंवा शिकारी, दोनच. जास्त झाली की रानात नवी झाडं उठत नाहीत, वसंतातली ट्रिलियमची फुलं शेंड्यासकट खाल्ली जातात, आणि दाटीत रोगही पसरतो. हे काही आजचं ज्ञान नाही. आल्डो लिओपोल्ड याच राज्यात राहायचा. १९४३ साली त्याने आणि इतरांनी आग्रह धरला की उत्तरेतली रानं आणि उपासमारीने मरणारी हरणं वाचवायची तर माद्याही मारू द्या. तसा हंगाम झाला, आणि लोक इतके खवळले की त्याला '४३ चा गुन्हा' असं नाव पडलं. कळपाचा आकडा माद्यांनी ठरतो हे त्याला माहीत होतं, माझ्या शेतकऱ्यालाही माहीत आहे. पण माद्यांना शिंगं नसतात, भिंतीवर लावायला काही उरत नाही, म्हणून परवाने पडून राहतात. एल्कच्या गप्पांत मला हेच खुपतं. सहकारी चांगला माणूस आहे, पण त्याच्या फोनवर मांसाचा एकही फोटो नाही, सगळी शिंगं.

आमच्या गावाकडे, भंडाऱ्याजवळ, काकांच्या शेतात रोही आणि रानडुकरं शिरायची. एका रात्रीत धान लोळवून जायची. काका हात चोळत बसायचे. मारायला १९७२ च्या कायद्याची बंदी, नुकसानभरपाईला हेलपाटे. त्याच गावात पारधी तितर-लावे विकायला यायचे आणि गावात काहीही चोरीला गेलं की पहिला संशय त्यांच्यावर. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, माणसांच्या मनातून नाही. राजेसाहेबांनी वाघ मारला की भिंतीवर तसबीर आणि पारध्याने ससा धरला की बेड्या, हे पाहतच मी मोठी झाले. त्यामुळे शिकारीतली 'भारी' आणि 'साधी' ही वर्णव्यवस्था मला इथेही लगेच ओळखू येते. दूरवरचं, दुर्मिळ, महागडं ते उच्च. घरामागचं, पोटासाठीचं ते हलकं.

एक आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेते. रोगी हरणांच्या भागात शिकार करून पुन्हा फेकूनच द्यावं लागलं तर? लागेल कदाचित. तरी तपासलेलं हरीण हा एक आकडा असतो, तो नकाशावर जातो. आणि मादीला रोग असण्याची शक्यता नरापेक्षा कमी, दीड वर्षाच्या मादीला त्याहून कमी. यंदा मी नराचा टॅग वापरणार नाही. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरच्या एका कप्प्यात वेगळं राहील. गोळी तांब्याची, २००८ साली नॉर्थ डकोटात अन्नवाटप केंद्रांना दान दिलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण सापडले तेव्हापासून बरेच जण तांब्याकडे वळलेत, मीही त्यांच्यातलीच. निगेटिव्ह आलं तर अर्धं दूधवाल्या म्हाताऱ्याला. त्याला आमचा काळा मसाला घातलेला खिमा आवडतो, पाव मात्र तो स्वतःचाच आणतो. हरणाची चरबी आधी सगळी काढून टाकायची, ती मेणासारखी टाळूला चिकटते. जिज्ञासूंनी नोंद घ्यावी.

एल्कशी माझं भांडण नाही. १९९५ साली मिशिगनहून पंचवीस एल्क आणून विस्कॉन्सिनात सोडले होते, त्यांचा कळप वाढला आणि २०१८ पासून थोडी शिकारही सुरू झाली. त्यातला निम्मा वाटा ओजिब्वे जमातींचा, तहानुसार. बाकी मोजक्या परवान्यांची सोडत निघते. मी दरवर्षी दहा डॉलर भरून अर्ज करते. त्यातले सात एल्कच्या देखभालीला जातात. नंबर लागणार नाही हे माहीत असतं.

सहकाऱ्याला नकार कळवला तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या वर्षी?" मी म्हटलं, बघू. त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याला फोन केला. त्याने सांगितलं की ओढ्याकडचं फाटक मोडलंय, मचाणाच्या दोन फळ्या कुजल्यात, शनिवारी हातोडी घेऊन ये.