शहराची गोष्ट कुठून सुरू करायची?

नवी मुंबईचा जन्म सांगायचा तर सुरुवात एका नियतकालिकापासून करावी लागते. 1965 मध्ये ‘मार्ग’च्या अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराचा आराखडा मांडला. पाच वर्षांनी हे शहर वसवण्यासाठी सिडको आली. पुढे छापखानेही खाडी ओलांडून आले. ‘लोकसत्ता’च्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीचा पत्ता सापडतो.

या शहराचा सांस्कृतिक इतिहास पत्रकाराने गोष्टीच्या अंगाने लिहावा का?

लिहावा, असे वाटायला भक्कम कारण आहे. पत्रकार नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (2012) मुंबईच्या जॅझचा इतिहास सांगते. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा बँड ताज हॉटेलमध्ये वाजला. त्या सुरांचा माग काढत पुस्तक हिंदी सिनेमातल्या गोवेकर वादकांपर्यंत पोचते. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांच्या सुरावटी घराघरांत पोचल्या, पडद्यावर श्रेय मात्र संगीतकाराचे. निव्वळ सनावळीतून ही माणसे भेटली नसती.

तरी सनावळीला कमी लेखू नये. रा. के. लेले यांचा ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ एका बैठकीत वाचण्याचा ग्रंथ नव्हे, पण तारखेवरून वाद झाला की हात त्याच्याकडेच जातो. गोष्टीला नायक लागतो, आणि नायक निवडला की बाकीचे आपोआप कडेला जातात.

धोका आहे तो इथेच. ‘मार्ग’पासून निघालेल्या गोष्टीला तीन बुद्धिमान नायक आयते मिळतात. पण या शहरासाठी जमीन गेली ती 95 गावांची. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरातले शेतकरी जमिनीच्या भावासाठी उभे राहिले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. या आंदोलनातल्या जासई गावातून सुरू केलेली गोष्ट याच शहराची असेल, तिच्यातली माणसे मात्र वेगळी असतील.

म्हणून गोष्टच लिहावी, पण आठवण कुठली आणि कागद कुठला, हे वाचकाला पानावरच कळू द्यावे. त्या जानेवारीतले तरुण आता साठी ओलांडून गेलेत. त्यांचे बोलणे टिपून त्या आठवड्यातल्या वृत्तपत्रांच्या अंकांशी ताडून पाहणे हे बातमीदाराच्या हातचे काम आहे. सुरुवात त्यानेच करावी, आणि जासईतून करावी.