कानातले गीत, कंठातले गीत

एखादी कादंबरी वाचून झाली की तिच्यातील प्रत्येक पात्रासाठी एकेक गीत निवडायचे, असा एक खेळ तरुण वाचकांत आवडीने खेळला जातो. वरवर पाहता खेळ हलकाफुलका आहे. परंतु नीट खेळला तर तो वाचनाची परीक्षाच घेतो. पात्र समजले नसेल तर गीत चुकते, आणि गीत का चुकले याचा विचार करू लागले की तेच पात्र नव्याने उलगडते. जैन कुटुंबात या खेळाला आणखी रंगत येऊ शकते. तेथे चित्रपटगीते आणि भावगीते असतातच. त्यांच्या जोडीला स्तवने, पाठ, भावना आणि गाथा यांचा साठाही घरातच असतो.

या खेळासाठी रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी फार उपयुक्त आहे. १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. तिचा पहिला खर्डा ब्रॅडबरींनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला १० सेंट भाडे भरून टंकलेखन यंत्रावर उतरवला होता. वरच्या मजल्यांवर ग्रंथांच्या रांगा आणि खाली ग्रंथ जाळणाऱ्या जगाची कथा! त्या भावी जगात घरांना आग लागत नाही. म्हणून अग्निशामक दलाचे काम उलटे झाले आहे. ते आग विझवीत नाही, लावते. कोणाकडे पुस्तके सापडली की बंब येतो आणि घरासह पुस्तके जाळून जातो. ४५१ हा आकडा शिपायांच्या शिरस्त्राणावर असतो. ग्रंथाचा कागद ज्या अंशावर पेट घेतो, तो हा अंश.

गीत निवडण्याच्या दोन रीती आहेत. पात्र जसे आहे तसे दाखवणारे गीत हे आरशासारखे असते. पात्राला ज्याची उणीव आहे ते देणारे गीत औषधासारखे असते. बहुतेक वाचक पहिली रीत धरतात. या कादंबरीत मात्र दुसरीच रीत अधिक खोल नेते.

पहिले पात्र क्लॅरिस. सतरा वर्षांची ही मुलगी पावसाचे थेंब जिभेवर झेलते, रानफुले हनुवटीखाली घासून पाहते आणि शेजारच्या माँटॅग या अग्निशिपायाला विचारते, तुम्ही सुखी आहात का? तिच्यासाठी मराठी वाचकाला बालकवींची ‘श्रावणमास’ ही कविता सहज सुचेल. पिढ्यानपिढ्या शाळेत मुलांनी ती चालीवर म्हटली आहे. ऊनपावसाच्या खेळाकडे पाहणारी दृष्टी दोघांत सारखीच आहे. आणखी एक साम्य मन विषण्ण करते. बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेगाडीखाली सापडून गेले. तेव्हा त्यांच्या वयाला अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. क्लॅरिसही एके दिवशी दिसेनाशी होते आणि भरधाव मोटारीखाली ती गेली असावी, एवढेच माँटॅगला कळते. रमतगमत चालणाऱ्या दोन जीवांना वेगाने गाठले. येथे आरसा आणि औषध एकच आहे, कारण क्लॅरिसला कशाची उणीव नाही. उणीव तिच्या शहराला आहे.

दुसरे पात्र एक अनामिक वृद्धा. घरावर धाड पडते, पुस्तकांवर रॉकेल ओतले जाते, तिला बाहेर पडण्यास सांगितले जाते. ती निघत नाही आणि स्वतःच्या हाताने काडी ओढते. एखाद्या जैन वाचकाला येथे समाधिमरणाचा पाठ सुचेल. पण ती निवड योग्य होणार नाही. सल्लेखना ही कषाय कृश करीत, शांतपणे, सर्वांची क्षमा मागून स्वीकारलेली साधना आहे. या वृद्धेच्या कृतीत शोक आहे, आव्हान आहे, आणि त्यात मरणाचा पुरस्कार करण्याजोगे काही नाही. तिच्यासाठी दुसरी गोष्ट आठवते. कमठ तापसाच्या धुनीत जळणाऱ्या लाकडात नागांचे जोडपे होते. राजकुमार पार्श्वनाथांनी ते ओळखले आणि मरणोन्मुख जीवांच्या कानी णमोकार मंत्र पडला. आगीत सापडलेल्या जीवाला वाद नको असतो, उपदेशही नको असतो. कानी दोन पवित्र शब्द पडावेत, एवढेच हवे असते. त्या खोलीत उभ्या असलेल्या शिपायांपैकी कोणालाच ते शब्द येत नव्हते. वृद्धेला णमोकार द्यावा, आणि तो म्हणणारा तेथे कोणी नव्हता हे लक्षात ठेवावे.

तिसरे पात्र कथानायक माँटॅग. चोरून वाचवलेले बायबल घेऊन तो भुयारी रेल्वेत बसतो. ते हातचे जाणार हे त्याला ठाऊक असते, म्हणून गाडीतच काही ओळी पाठ करू पाहतो. पण डब्यातील ध्वनिवर्धक एका दंतधावनाची जाहिरात तालासुरात पुन्हा पुन्हा ऐकवीत राहतो. माँटॅगला बालपण आठवते: चाळणी वाळूने भरून दाखव, म्हणजे नाणे देईन, असे कोणीतरी सांगितले होते, जितक्या घाईने वाळू भरावी तितक्या वेगाने ती गळत होती. जाहिरातीचे गाणे न शिकता पाठ होते आणि हवी ती ओळ शिकूनही टिकत नाही, हा अनुभव आजच्या घरांनाही परका नाही. माँटॅगसाठी ‘मेरी भावना’ निवडावी. पंडित जुगलकिशोर मुख्तार यांनी १९१६ साली रचलेली ही अकरा कडव्यांची रचना पाठशाळेतील मुले अर्थ पुरता उमगण्याआधीच म्हणू लागतात. तिच्यात ज्ञानाचा दावा नाही, केवळ इच्छा आहे: आपण असे व्हावे. माँटॅगजवळही त्या वेळी तेवढेच आहे. तो अजून ज्ञानी झालेला नाही, शांतही झालेला नाही. पत्नीच्या मैत्रिणींना मॅथ्यू अर्नोल्डची ‘डोव्हर बीच’ ही कविता तो रागाच्या भरात ऐकवतो. त्यांपैकी एक हुंदके देऊन रडू लागते, दुसरी संतापते. कविता उत्तम होती, पण ती दगडासारखी भिरकावली गेली. उत्तम वचनानेही हिंसा होऊ शकते, हे ‘मेरी भावना’ म्हणणाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये.

चौथे पात्र कॅप्टन बीटी, माँटॅगचा वरिष्ठ. कादंबरीतील सर्वांत पंडित माणूस हाच. शेकडो वचने त्याच्या जिभेवर आहेत आणि प्रत्येक वचन तो समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरतो. त्याच्यासाठी गीत शोधताना वाचक अडखळतो, कारण असे कोणते गीत आहे जे त्याने ऐकलेले नाही? तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात याचे उत्तर आहे. मति, श्रुत आणि अवधि ही तीन ज्ञाने विपरीतही होऊ शकतात, असे तेथे म्हटले आहे. दृष्टी मिथ्या असेल तर ऐकलेले आणि वाचलेले सारे कुश्रुत होते. बीटी हे कुश्रुताचे चालतेबोलते उदाहरण आहे. त्याला आणखी एक गीत देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्या वाचकानेच आचार्य अमितगतींचा बत्तीस श्लोकांचा सामायिक पाठ म्हणावा. सर्व जीवांविषयी मैत्री, गुणिजनांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी करुणा आणि विपरीत वृत्तीच्या माणसाविषयी माध्यस्थ्य, ही मागणी त्याच्या आरंभीच आहे. कारण कथेच्या अखेरीस बीटी जळून मरतो तो माँटॅगच्याच हातून, आणि नंतर पळता पळता माँटॅगला कळते की या माणसाला मरायचेच होते. द्वेष करण्याजोगा वाटलेला माणूस आतून किती रिकामा होता, हे फार उशिरा उमगते.

पाचवे पात्र वृद्ध प्राध्यापक फेबर. पुस्तकांवर संकट येताना त्याने पाहिले होते, बोलता आले असते तेव्हा तो बोलला नाही, आणि ही भीरुता तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. त्याच्यासाठी आलोचना पाठ. झालेल्या दोषांचा स्वतःच उच्चार करणे हा त्या पाठाचा गाभा आहे, आणि केलेल्या दोषांबरोबरच टाळलेल्या कर्तव्यांचीही तेथे आठवण होते. फेबर तेथेच थांबत नाही, हे त्याचे मोठेपण. तो माँटॅगच्या कानात बसेल असे एक छोटे यंत्र देतो आणि रात्री त्यातून त्याला ग्रंथ वाचून ऐकवतो. यंत्र कानातलेच, त्यातून काय पाझरते, यावर त्याचे मोल ठरते.

आता उरते मिल्ड्रेड, माँटॅगची पत्नी. बहुतेक वाचक तिला गीत देत नाहीत, किंवा थट्टेने एखादे उथळ गाणे देतात. ती रात्रभर कानात शिंपल्यासारखी ध्वनियंत्रे घालून पडते. दिवसा तीन भिंतींवर बोलणाऱ्या चित्रांना ‘नातेवाईक’ मानते आणि चौथी भिंतही तशीच हवी म्हणून हट्ट धरते. एका रात्री ती झोपेच्या गोळ्यांची सारी बाटली रिकामी करते. यंत्रे घेऊन आलेले दोघे तिला वाचवून जातात आणि सकाळी तिला त्यातले काहीच आठवत नाही. पती-पत्नीची पहिली भेट कोठे झाली, हेही दोघांना आठवत नाही. कानात अखंड गाणे आणि कंठात एकही नाही, असे हे जीवन आहे.

तिला नवे गीत देणे म्हणजे भरलेल्या भांड्यात आणखी ओतणे होईल. तिला आधी अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक द्यावे. कान मोकळे, भिंती मुक्या, आणि समोर कोणीही ‘नातेवाईक’ नाही. पहिल्या दहा मिनिटांत ती बहुधा घाबरेल. ज्या दुःखापासून ती पळते तेच त्या शांततेत समोर येऊन बसेल. म्हणून तिच्याजवळ कोणीतरी बसायला हवे होते. माँटॅग जागा झाला तो पुस्तकांसाठी. शेजारच्या पलंगावरील जीवासाठी तो पुरेसा जागा झाला नाही. शेवटी शहरावर बॉम्ब पडतात आणि दूर नदीपलीकडे जमिनीवर पडलेल्या माँटॅगला एकाएकी आठवते: शिकागो! तेथे भेटलो होतो आपण. ऐकायला मिल्ड्रेड उरलेली नसते. या क्षणासाठी क्षमापनेची प्राकृत गाथा योग्य आहे. पण ती मिल्ड्रेडने म्हणायची नाही, माँटॅगने म्हणायची. संवत्सरीला किंवा क्षमावाणीला दूरच्या परिचितांना निरोप धाडताना घरातल्या माणसाची क्षमा मागायची राहून जाते, ती का राहू नये, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

कादंबरीच्या अखेरीस माँटॅगला रानात ग्रेंजर आणि त्याचे सोबती भेटतात. त्यांच्याजवळ पुस्तके नाहीत. प्रत्येकाने एकेक ग्रंथ मुखोद्गत केला आहे. पाश्चात्त्य वाचकाला ही कल्पना अद्भुत वाटते. जैन वाचकाला ती घरची वाटेल. श्रुताचा विच्छेद होईल या चिंतेने आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुंफेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपल्या कंठातील ज्ञान दिले. धवला टीकेत त्यांच्या परीक्षेची कथा येते. दोघांना दोन मंत्र दिले होते, एकात अक्षर अधिक, दुसऱ्यात उणे. साधना करताच एकासमोर पुढे आलेल्या दातांची आणि दुसऱ्यासमोर एकाक्ष देवी प्रकटली. देवता अशी असत नाही, हे ओळखून दोघांनी मंत्र शुद्ध करून घेतले. असे अक्षर जपणारे शिष्य मिळाले, म्हणून षट्खंडागम लिहिला गेला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते ती त्याचीच आठवण. श्वेतांबर परंपरेतही देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी, दुसऱ्या मतानुसार ९९३ वर्षांनी, वल्लभी येथे आगम लिपिबद्ध केले. तोवर तेही मुख्यतः मुनींच्या कंठातच नांदत होते. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपलेली धवला पुढे डॉ. हीरालाल जैन यांनी संपादित केली आणि १९३९ पासून अमरावतीहून तिचे खंड छापून निघू लागले. कंठातून पानावर आणि पानावरून छापखान्यात आलेला हा प्रवास पुन्हा कंठाकडे वळला नाही, तर तो पुरा झाला असे म्हणता येणार नाही.

ग्रेंजरला म्हणून वेगळे गीत देण्याचे कारण नाही. घरातील प्रत्येकाला जे एक गीत, एक पाठ किंवा एक गाथा पुस्तकाविना, यंत्राविना, शेवटच्या अक्षरापर्यंत येते, तेच ग्रेंजरचे. खेळाची अखेरची फेरी अशी खेळावी: प्रत्येकाने आपल्याला काय कंठस्थ आहे ते म्हणून दाखवावे, आणि ज्याच्याजवळ काहीच निघणार नाही त्याला हसण्याऐवजी त्याच रात्री शेजारी बसवून पहिली ओळ शिकवावी.