यंत्राआधी चालक तयार हवा

शेतमालाची हाताळणी आता खळ्यापुरती मर्यादित राहिलेली नाही. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याची वाट मोकळी झाली. २०२० साली कृषी पायाभूत सुविधा निधी सुरू झाला व गोदामे, शीतगृहे यांच्या कर्जावर व्याजाची सवलत मिळू लागली. नाशिक, सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात पॅकिंग शेड व शीतगृहे उभी राहिली. एके काळी बंदरात व कारखान्यात दिसणारी फोर्कलिफ्ट त्यांच्याबरोबर शिवारात आली. पाठीवरचे ओझे यंत्राने उचलावे, यासारखी स्वागतार्ह गोष्ट नाही.

परंतु यंत्र खरेदी करताना दरपत्रके जितक्या बारकाईने तपासली जातात, तितक्या बारकाईने त्याचा चालक निवडला जात नाही. जो ट्रॅक्टर सफाईने चालवितो, त्याच्याच हाती फोर्कलिफ्टची किल्ली देण्याचा मोह संस्थांना होतो. ही समजूत केवळ चुकीची नव्हे, तर जीवघेणी आहे.

ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूस झपाट्याने फिरतो. ट्रॅक्टरवर बसून मुरलेला हात नेमका इथे फसतो. नजर पुढच्या मालावर असते आणि मागचे जड धूड शेजारून जाणाऱ्या माणसाला भिंतीशी चिरडू शकते.

दुसरी गोष्ट तोलाची. बैलगाडीत मागे अधिक भार पडला की गाडी उलाळ होते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. फोर्कलिफ्टचे तत्त्व तेच आहे. पुढचा आस हा टेकू; त्याच्या एका बाजूस काट्यांवरील माल व दुसऱ्या बाजूस यंत्राचे स्वतःचे वजन. यंत्रावर २,००० किलो क्षमता लिहिलेली असली, तरी ती मालाचा भारमध्य काट्यांच्या टाचेपासून ठरावीक अंतरावर, समजा ५०० मिलिमीटरवर, असेल तेव्हाच खरी. टाचेच्या मागे ४०० मिलिमीटरवर पुढचा आस असलेल्या यंत्रात हाच भारमध्य ७०० मिलिमीटरवर सरकला, की हिशेबाने क्षमता १,६०० किलोंच्या आसपास उतरते. माल उंच उचलला की तोल आणखी नाजूक होतो. म्हणून माल काट्यांच्या टाचेला भिडवून घ्यावा आणि चालताना काटे जमिनीपासून वीतभरापेक्षा अधिक वर नसावेत.

उतारावरील नियमही निराळा आहे. भरलेली फोर्कलिफ्ट चढताना पुढे तोंड करून चढवावी व उतरताना मागे चालवीत उतरवावी, म्हणजे माल सदैव चढाच्या बाजूस राहतो. उतारावर वळू नये. पेट्यांची थप्पी नजरेआड येत असेल, तर सपाटीवरही यंत्र मागे चालवावे. आणि यंत्र कलंडू लागले, तर उडी मारण्याची जी ऊर्मी होते, तीच घातक ठरते. उडी मारणारा यंत्राच्याच सांगाड्याखाली सापडतो. बसून चालविण्याच्या यंत्रात पट्टा बांधलेला असावा, चाक घट्ट धरावे व कलंडण्याच्या विरुद्ध बाजूस झुकावे. ही गोष्ट ऐनवेळी सुचत नाही. ती आधीच अंगवळणी पडावी लागते.

शीतगृहात आणखी एक अदृश्य शत्रू असतो. डिझेल किंवा गॅसवर चालणारे यंत्र बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. विजेरीवरील यंत्र तेथे बरे. मात्र शिसे-आम्लाच्या विजेरीचे प्रभारण होताना हायड्रोजन वायू निघतो. ती जागा हवेशीर असावी आणि तेथे कोणी विडी पेटवू नये.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, हंगामात शिकवायला वेळ कोठे? द्राक्षाचा हंगाम काही अचानक उगवत नाही. प्रशिक्षण त्यापूर्वी उरकावयाचे असते. दुसरा, आजवर तर काही झाले नाही. आजवर न झालेला अपघात हे कौशल्याचे प्रमाणपत्र नव्हे. त्याच शेडमध्ये पेट्या भरणाऱ्या स्त्रिया दिवसभर वावरतात. त्यांनी यंत्र निवडलेले नसते आणि चालकही. चुकीचे मोल मात्र त्यांना द्यावे लागते.

कायद्याची दिशाही स्पष्ट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने कामगारांना सुरक्षिततेचे शिक्षण देण्याची जबाबदारी कारखाना चालविणाऱ्यावर टाकली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही तिला स्थान दिले. अमेरिकेत १९९९ पासून फोर्कलिफ्टच्या चालकाला पाठ, प्रात्यक्षिक व परीक्षा या तिन्हींतून जावे लागते आणि निदान दर तीन वर्षांनी त्याची पुन्हा पारख होते. गावचे शीतगृह लहान असेल. पण दोन टन भाराला संस्थेचा आकार कळत नाही.

यंत्र पोहोचविण्यास आलेल्या माणसाने अर्धा तास करून दाखविणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. यंत्राच्या किमतीबरोबरच चालकाच्या शिक्षणाचा खर्च संस्थेने ठरावात मांडावा. शिक्षण पुरविणाऱ्याच्या जाणकाराकडून, त्याच शेडमध्ये, त्याच उतारावर व्हावे. परीक्षेत उतरलेल्यांची नावे फळ्यावर लिहावीत आणि इतरांच्या हाती किल्ली जाऊ नये. पायी चालणाऱ्यांची वाट रंगाने आखून वेगळी करावी. काट्यांवर माणूस चढवू नये व उचललेल्या मालाखाली कोणी उभे राहू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शीतगृहाची पाहणी करताना तपमान व प्रतवारी पाहावीच. पण त्याबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा: हे यंत्र चालविणारा कोठे व कोणाकडून शिकला? ज्या संस्थेला याचे उत्तर देता येत नाही, तिचे यंत्र त्या दिवसापुरते उभे राहिलेले बरे.